डोंगर पडीक नव्हता, गोदाक्का

गोदाक्का, भावाचं कार्ड आलं तेव्हा वर 'श्री' नव्हता. त्यामुळं वाचायच्या आधीच कळलं की गावाकडं कुणीतरी गेलं. मी मागावर उभा होतो, टॉवेलाच्या ताण्याचा तुटलेला धागा सांधत होतो. कार्ड वाचलं, खिशात घातलं, आणि शेजारच्या मागावरचे यल्लप्पा ओरडून विचारायला लागले.

"कोन गेले?"

"आमच्या गावच्या गोदाक्का."

"तुमची कोन लागते?"

"कोण न्हाय."

"कोन न्हाय तर माग कशाला बंद केला मग?"

बघितलं तर खरंच माग बंद होता. कधी बंद केला ते मला कळलंच नव्हतं. माझ्या अंगावरून हात घालून यल्लप्पांनी माझाही माग चालू केला आणि तासभर दोन्ही माग एकट्यानं बघितले.

मला तुझं सुतक नाही. आपली भावकी नाही, सोयरीक नाही. तरी घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घेतलं. बायकोनं, सुमननं, बघितलं. तिनंही घेतलं.

कार्ड चार दिवस वाटेत होतं. म्हणजे मी धागे सांधत होतो तोवर तुझा तिसराही होऊन गेला होता. भावानं एवढ्याशा जागेत तीन गोष्टी बसवल्या होत्या. गोदाक्का दोन दिवसांच्या तापानं वारल्या. बुधवारी प्रांतसाहेब डोंगर बघायला येणार. आदल्या दिवशी, मंगळवारी, सगळ्या गावाची गुरं डोंगरात घालायची असं ठरतंय.

मंगळवारी तुझा दहावा आहे. ते भावानं लिहिलं नव्हतं. मी बोटांवर मोजलं.

आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसलोय. लिहितोय तुला, पण बुधवारी सकाळी हे चावडीपुढं वाचून दाखवणार आहे. तेव्हा जे गावाला ठाऊक आहे तेही लिहितो. न जाणो, प्रांतसाहेब लवकर आले तर त्यांच्याही कानावर पडेल.

आपल्या डोंगराला बाहेरचे लोक टेकडी म्हणतात. बार्शीच्या पुढं बालाघाटाची रांग संपत येते तिथं ती चार-पाच पोरं मागं सोडून गेल्यासारखी दिसते, त्यातलं आपलं एक. उंच नाही. पण गावाला दुसरा नाही. आखाडात आपण डोंगर बांधायचो. म्हणजे खिंडीत काटेरी फांद्या आडव्या टाकायच्या, वर शेंदूर लावलेला धोंडा ठेवायचा, आणि मग दसरा होईपर्यंत आत ना गुरं, ना शेळी, ना विळा. दसऱ्यानंतर डोंगर सुटायचा. उताराच्या पट्ट्या पाडायच्या, घरटी एक, चिठ्ठ्या टाकून. राखणदारानं पहिला विळा चालवायचा, मग गावानं. ते गवत गंजीला लागायचं आणि दिवाळीपासून मिरगापर्यंत जनावरं त्यावर जगायची. राखण तुझ्या नवऱ्याची होती. तो गेल्यावर गाव म्हणालं, बाईमाणसाला जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाटलाची बैल-जोडी खिंडीतून हाकलून तू चावडीला आणून बांधलीस. त्या दिवसापासून राखण तुझी.

चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घ्यायचीस. बाप गेला आणि पाचवीत माझी शाळा सुटली. त्यानंतर माझ्या हातात पेन द्यायचं कुणाला काय पडलं होतं? तू दरसाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारात उभी. "मारत्या, चल, गाव लिहून काड." मी घरांची नावं लिहायचो, तू शेजारी बसून लिहिता न येताही तपासायचीस. रांडावलेल्या बायकांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावानं लिही म्हणायचीस, दिराच्या नाही. बौद्धवाड्यातल्या घरांच्या चिठ्ठ्या आधी वेगळ्या डब्यात असायच्या, आणि त्या डब्यात वरच्या खडकाळ पट्ट्याच असायच्या. तू एका साली दोन्ही डबे एकात ओतलेस. कुणी तरी कुरकुरलं तर म्हणालीस, "गवताला विचारून आलीस काय तू, कुणाच्या विळ्यानं कापून घ्यायचं त्ये?" मला अक्षर येतं, मला हे लिहिता येतंय, ते त्या चिठ्ठ्यांमुळं. तुझे आभार मानायला गेलो तर तू मला हाणलं असतंस, म्हणून आता मानतो.

पट्ट्या वाटून झाल्या की चिठ्ठ्या तू चुलीत घालायचीस. गेल्या सालचं भांडण औंदा नको. किती शहाणपणाचं होतं ते. आणि त्याच शहाणपणानं आपल्यापाशी आज एक कागद नाही.

दुष्काळात डोंगराच्या पायथ्याला खडीचं काम निघालं. आपणच फोडली खडी, पोटासाठी. तेव्हाच ठेकेदारानं दगड बघितला. काळा, घट्ट, रस्त्याला बरा. दुष्काळ सरला, खडी केंद्र बंद झालं, ठेकेदार तो दगड विसरला नाही. त्यानं अख्ख्या डोंगराचा ठेका मागितला. सुरुंग लावायचे, खडीची मशीन बसवायची. म्हणून भादव्यात सर्कलसाहेब पाहणीला आले, बरोबर तलाठी.

हे पुढचं गावाला ठाऊक नाही.

गाव शेतात होतं. खिंडीत तू आणि मी दोघंच. गवत मांडीएवढं झालेलं, वाऱ्यानं सगळा उतार एका अंगावर लवत होता, आणि मला फार अभिमान वाटत होता. कशासाठी आलेत हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. वाटलं, सरकार आपला डोंगर बघायला आलंय.

साहेबांनी विचारलं, "या टेकडीवर गावाची जनावरं चरतात का?"

तू म्हणालीस, "टेकडी न्हवं सायेब, डोंगर हाय."

आणि मी पुढं होऊन बोललो. मी, दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. "एक खूर लागत न्हाय सायेब. शेळीसुदिक आत जात न्हाय."

"लाकूडफाटा?"

"काडी तोडत न्हाय कोण."

"किती वर्षांपासून?"

"आमच्या आज्याच्या वक्तापासून."

साहेब म्हणाले, "छान." आणि लिहून घेतलं. तू त्यांना ताक दिलंस. ते गेल्यावर माझ्या पाठीत थाप घातलीस. "बरं बोललास की रं."

माघात चावडीवर नोटीस लागली आणि वाचायला मलाच पुढं ढकललं. सदर जमीन पडीक असून गावाच्या कोणत्याही वापरात नाही, असे ग्रामस्थांनीच जागेवर सांगितल्यावरून ती खाणीसाठी देण्याचे योजिले आहे, हरकत असल्यास कळवावे. मी ते मोठ्यानं वाचलं. माझ्याच तोंडानं दोनदा गेला डोंगर, एकदा खिंडीत आणि एकदा चावडीवर.

"कोण बोललं असं?" पाटलानं विचारलं. "कुणाची जीब झडली न्हाय ती?"

माझ्या घशात शब्द होता. खरंच होता. पण तो घशातून तोंडात येईतो तू बोललीस.

"मी."

सगळे तुझ्याकडं वळले. माझ्याकडं कुणीच बघितलं नाही, आणि मी, गोदाक्का, त्या न बघण्याच्या आडोशाला उभा राहिलो.

वाटेत मी रडलो. तू चालतच होतीस. म्हणालीस, "माजं काय वाकडं करत्याल? ना पोर ना बाळ. तुला हितं नांदायचं हाय, तुज्या भावाला नांदायचं हाय. आन् खोटं कुटं बोलल्ये मी? तू बोललास तवा मी हुत्येच की. माज्या मनातलंच बोललास."

त्यानंतर महिन्याभरानं मी सोलापूरला आलो. गावात सांगितलं, काम नाही. काम नव्हतंच. पण काम असतं तरी आलो असतो.

वैशाखात तू आलीस. कुर्डूवाडीला गाडी बदलून, स्टेशनावरून अक्कलकोट रोडपर्यंत चालत, डोक्यावर गठुडं. गठुड्यात गावाचे अंगठे घेतलेला कागद होता आणि माझ्यासाठी हुलग्याचं पीठ. मागाच्या आवाजात तू काहीतरी बोललीस आणि मला फक्त तुझे दात दिसले, तू हसत होतीस. यल्लप्पांना वाटलं माझी आई आली.

कचेरीत टेबलामागचा माणूस म्हणाला, "जमीन कुणाच्या नावावर?"

तू म्हणालीस, "सरकारच्या."

"मग तुमचा काय संबंध?"

"सरकारनं कदी राखलाय का त्यो? एक दिस तरी?"

"बाई, राखायचं काय असतं डोंगराचं? तो काय पळून जातोय?"

"आता चाललाच हाय की," तू म्हणालीस. "मशीनवाल्याबरोबर."

पलीकडचा शिपाई हसला. टेबलामागचाही हसला, मग हसू गिळून त्यानं अर्जावर शिक्का मारला. त्या शिक्क्यानं ठेका थांबला. फक्त थांबला. पुन्हा चौकशी होईल, म्हणाले. तुला वाटलं जिंकलो. मला भीतीच वाटत होती, मला कायमच वाटते.

त्या दुपारी माझ्या खोलीत जेवताना आपलं भांडण झालं. मी म्हणालो, "आक्का, पावसाळ्यात चौकशीला आले तर त्यांच्या आदी गुरं घालूया. चरलेला डोंगर दिसला की वापरात न्हाय असं कोण म्हणंल?"

तुझा घास हातातच राहिला. "बांदलेल्या डोंगरात?"

"दुष्काळात तू सोडलाच की आदी. दसऱ्याची वाट बगितलीस का?"

"तवा जनावरं भुकेली हुती. आता कागुद भुकेला हाय. कागदाला चारा घालायचा व्हय रं?"

"गवत परत येतं, आक्का. सुरुंग लागला की डोंगर परत येत न्हाय."

तू सुमनकडं वळलीस आणि म्हणालीस, "ह्याला भाकरी वाड, लई बोलाय लागलाय सोलापुरात." भांडण तिथंच राहिलं. पुढं दोनदा भेटलो, दोनदा तू विषय काढलास आणि मी टाळला, कारण तुझ्याशी कोणत्या तोंडानं वाद घालणार होतो? माझ्या पापाचं ओझं डोक्यावर घेऊन हिंडणाऱ्या बाईला मी सांगणार, की राखणीचं तुला काही कळत नाही?

त्या सालच्या दसऱ्यानंतर मी मुद्दाम आलो. डोंगर सुटायचा दिवस. चिठ्ठ्या मीच लिहिल्या. आणि मग पाटलानं पहिला विळा आपल्या भावाच्या हातात दिला. "गोदाक्कानं यंदा मागं राहावं," म्हणाला. "डोंगर पडीक हाय म्हणून सांगणाऱ्याचा पयला विळा नसतो."

रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिलीस, पदर खोचून, इतर बायकांसारखी. मी चिठ्ठ्यांचा डबा धरून पुढंच होतो. तुझी-माझी नजर झाली. तू मान हलवलीस, अगदी बारीक, बोलू नको म्हणून.

मी बोललो नाही. तू नको म्हणालीस म्हणून नाही बोललो, असं मी वर्षभर स्वतःला सांगतोय. ते खरं नाही. तू मान हलवली नसतीस तरी बोललो नसतो.

परवा बाजारात गावचा एकजण भेटला. म्हणाला, चावडीवर म्हणतात गोदाक्कानं डोंगरासाठी जीव दिला. तेच लोक. काल म्हणत होते हिनं डोंगर घालवला, आज म्हणतात हिनं डोंगरासाठी जीव दिला, आणि दोन्ही वेळा यांना स्वतः काही करायला नको. तू तापानं गेलीस. औषधाला बार्शीला न्यायला एक बैलगाडी मिळाली असती तर बहुतेक राहिली असतीस. मी हे चावडीपुढं मोठ्यानं वाचणार आहे, गाडीवाल्यांनी ऐकावं.

आता मंगळवारचं. गावानं माझं वर्षापूर्वीचं म्हणणंच उचललंय. गुरं घाला, डोंगर चरवा, साहेबांना खुरं दाखवा. मी जिंकलो म्हणायला पाहिजे. पण कार्ड वाचल्यापासून माझं मन त्यावर बसत नाही. तू गेलीस म्हणून नव्हे. मेलेला माणूस बरोबर असतो असं काही नाही, तू जिवंतपणी पुष्कळदा चुकायचीस. माझं मन फिरलं ते वेगळ्या कारणानं. त्या दिवशी खिंडीत मी खोटं बोललो नव्हतो. एक खूर लागत नाही, हे खरंच होतं. फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला विचारलं नाही, आणि मला सांगायचं सुचलं नाही. आता त्या अर्ध्या खऱ्यावर आपण एक अख्खं खोटं रचायला निघालोय. एका दिवसात तुडवलेला डोंगर बघून साहेब म्हणतील, हे लोक आज गुरं घालतात, उद्या घालत नाहीत, यांचा काही नेम नाही. आणि उद्यापासून खरंच नेम राहणार नाही. एकदा बांधलेल्या डोंगरात गुरं घातली की पुढच्या आखाडात खिंडीतल्या त्या फांद्यांना कोण भिणार?

मग ठेकेदाराला मशीन आणायचीही गरज नाही. आपणच खाऊ तो डोंगर.

शेठकडं चार दिवसांची सुट्टी मागितली. म्हणाले, "प्रांत डोंगर बघणार, तुजं तितं काय काम?"

"मला बोलायचं हाय."

"तू? आरं, माग बंद पडला तरी हातवारे करून सांगतोस तू." आणि मग म्हणाले, परत आल्यावर माग मिळेलच असं समजू नको. यल्लप्पा मागून म्हणाले, "त्याचा माग मी बघतो की, शेठ." शेठ वळून आत गेले. मी भ्यालोच. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "दुसरा माग बगू. डोंगर दुसरा कुटनं आणायचा?" आणि पेटीतून माझा धुतलेला सदरा काढला.

तेव्हा उद्या निघतोय. मंगळवारी सकाळी नदीवर जाईन, तुझा दहावा करून येईन. पिंडाला कावळा शिवो न शिवो, मी तिथनं थेट खिंडीत जाणार. गुरं आली तर आडवा उभा राहणार. पाटलाची आली तरी. मला राखणीचा अधिकार कुणी दिलेला नाही हे मला ठाऊक आहे. भीती वाटेल. वाटू दे, तुलाही पहिल्या दिवशी वाटली असेल, पाटलाच्या बैलांचं दावं धरताना. तू कबूल केलं नसतंस, एवढंच.

बुधवारी साहेब विचारतील, गावाची जनावरं चरतात का? मी तेच सांगेन. न्हाय सायेब, एक खूर लागत न्हाय. पण ह्या खेपेला तिथं थांबणार नाही. म्हणेन, सायेब, तुमी डोंगराकडं बगताय, आता त्याच्याकडं पाठ करा आन् गाव बगा. गोठ्यांची छपरं बघा, ती याच गवताची आहेत. परड्यात गंजींची बुडं उरलीत ती बघा. दुष्काळात भोवतालच्या गावांच्या दावणी मोकळ्या झाल्या, आमच्या झाल्या नाहीत, ती जनावरं उभी आहेत, त्यांच्या बरगड्या मोजून बघा. हा डोंगर आम्ही वापरत नाही असं वाटतं, कारण तो आम्ही वापरून संपवलेला नाही. न वापरणं हाच आमचा वापर आहे, आणि तो करायला वर्षातले चार महिने रोज कुणाला तरी उन्हापावसात त्या खिंडीत बसावं लागतं. एक बाई बसायची. चौदा वर्षं.

ते कागदावर बसेल का, मला माहीत नाही. प्रांतसाहेब पुन्हा 'पडीक' लिहून जातील असंही होईल. मग गाव म्हणेल, मारुतीनं गुरं अडवली म्हणून डोंगर गेला. म्हणू दे. या खेपेला माझंच नाव घेऊन म्हणतील. आणि आपण पुन्हा अर्ज करू, पुन्हा अंगठे गोळा करू, मशीन आली तर मशीनपुढं बसू. मी एकटा बसलो तरी बसेन. दोघं बसलो तर बरं होईल.

साहेबांना हे सगळं सांगायच्या आधी मला गावाला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी पाठ केली आहे, कारण ऐन वेळी माझी जीभ माघार घेते. इथं लिहूनही ठेवतो, म्हणजे वाचताना चुकवता येणार नाही.

भादव्यात खिंडीत सर्कलसाहेबांपुढं बोलली ती गोदाक्का नव्हती. बोललो तो मी, मारुती. तिनं सांगितलं ते खोटं होतं, आणि मी तुमच्यातच उभा राहून ते खोटं चालू दिलं. तुम्ही तिला रांगेत मागं उभं केलंत तेव्हाही मी पुढंच होतो.

आता ज्याला मला काही म्हणायचंय त्यानं म्हणावं. मी खिंडीतून हलणार नाही.